डिसूझा, नेव्हिल स्टीफन जोसेफ

(३ ऑक्टोबर १९३२ – १६ मार्च १९८०). भारतीय फुटबॉलपटू; मध्य आघाडीचा खेळाडू. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. जन्म बार्देश तालुक्यातील आसगाव येथे. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. खेळाची सगळी कारकीर्द मात्र मुंबईत घडली आणि जी आंतरराष्ट्रीय जर्सी अंगावर चढली ती भारताची.

आसगावच्या शेजारचे शिवोली हे गोव्याच्या फुटबॉलचे आद्य गाव. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूने १८८३ मध्ये तेथे हा खेळ आणला, असे मानले जाते. म्हणजे राज्य पोर्तुगीजांचे आणि चेंडू इंग्रजाचा. पुढे पोर्तुगालने वसाहतींमधले गुणी आघाडीवीर उचलले ते मुख्यतः आफ्रिकेतून. मोझांबिकचा मातातेउ १९५१ मध्ये लिस्बनच्या बेलेनेन्सिस क्लबात दाखल झाला. दहा वर्षांनी त्याच मोझांबिकचा युसेबियो बेनफिकाकडून खेळू लागला आणि १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालकडून त्याने नऊ गोल केले. गोव्याच्या पोरांची वाट निराळी होती. बार्देशातली माणसे पोटापाण्यासाठी आगबोटीत बसत, ती मालवण, रत्नागिरी, हरिहरेश्वर, श्रीवर्धन हा किनारा उजव्या हाताला ठेवत मुंबईच्या धक्क्याला लागत. धोबी तलाव, माझगाव या भागांत गावागावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडां’मध्ये त्यांचा मुक्काम असे. गोवेकर मंडळींनी मुंबईला स्वयंपाकी आणि बँडवाले जसे दिले तसे फुटबॉलपटूही दिले.

डिसूझा मुंबईत टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळले. मुंबईच्या फुटबॉलचा तो काळ समजून घेतल्याशिवाय त्यांची कारकीर्द नीट कळत नाही. कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बंगालसारखे लोकांचे क्लब होते. मुंबईत तेल कंपन्या, गिरण्या, पुढे बँका असे ‘ऑफिसचे’ संघ होते. चांगला खेळाडू दिसला की त्याला नोकरी देत. हजेरीपटावर कारकून आणि संध्याकाळी कूपरेज मैदानावर सेंटर फॉरवर्ड, असा तो दुहेरी संसार असे. कागदोपत्री हौशीच, त्यामुळे ऑलिम्पिकला पात्र. आजच्या अर्थाने ‘व्यावसायिक’ हा शब्द त्यांना लावता येत नाही. पण दुखापत झाली तरी महिन्याचा पगार चुकणार नाही, ही हमी त्या काळी व्यावसायिक करारापेक्षा कमी मोलाची नव्हती. मुंबई संघाने संतोष करंडक पहिल्यांदा जिंकला तोही याच काळात, १९५४–५५ च्या मोसमात. कॅलटेक्सने १९५८ मध्ये मानाचा रोव्हर्स चषक पटकावला. कंपनीच्या संघाचे आयुष्य कंपनीवर अवलंबून असते, हे वेगळे सांगायला नको. कॅलटेक्सचा भारतातील कारभार सरकारने ताब्यात घेतला आणि १९७८ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला.

डिसूझा यांचे नाव राहिले ते १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमुळे. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारत युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा सपाटून हरला होता. बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. मेलबर्नला बूट होते, प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते, समर (बद्रू) बॅनर्जी कर्णधार आणि उजव्या बगलेला पी. के. बॅनर्जी. हंगेरीने माघार घेतल्याने पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली आणि १ डिसेंबरला उपांत्यपूर्व फेरीत थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली.

नवव्या मिनिटाला समर बॅनर्जींचा फटका गोलखांबाला लागून परतला. बचावपटू वळेपर्यंत डिसूझा चेंडूखाली पोहोचलेले होते. त्यांनी तो डोक्याने जाळ्यात घातला. मध्य आघाडीच्या खेळाडूची खरी परीक्षा अशा उडालेल्या चेंडूवर होते: फटका दुसऱ्याचा असतो, पण तो कुठे परतेल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. ब्रूस मॉरोने १७ व्या मिनिटाला बरोबरी केली. ३३ व्या मिनिटाला डिसूझांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, तीही ४१ व्या मिनिटाला मॉरोनेच फेडली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत डिसूझांचा तिसरा गोल झाला आणि मग ऑस्ट्रेलियाला सावरता आले नाही. ८० व्या मिनिटाला कृष्णस्वामी (किट्टू) यांनी चौथा गोल करून सामना ४–२ असा संपवला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला हा आशियातील पहिला संघ. हा निकाल नशिबाचा म्हणणाऱ्यांना त्याच दौऱ्यात उत्तर मिळाले: १२ डिसेंबरला सिडनीत भारताने ऑस्ट्रेलियाला ७–१ असे हरवले.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. ५२ व्या मिनिटाला डिसूझांनी गोल केला आणि हेलसिंकीत दहा गोल खाल्लेला संघ आघाडीवर गेला. ही आघाडी टिकली दोन-तीन मिनिटेच. युगोस्लाव्हियाने सामना ४–१ असा जिंकला आणि पुढे रौप्यपदक मिळवले. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३–० हरवले. चार गोलांसह डिसूझा स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्या बरोबरीला राहिले. भारताच्या दुसऱ्या कोणत्याही फुटबॉलपटूला ऑलिम्पिकमध्ये अशी कामगिरी करता आलेली नाही.

या यशाला एक राजकीय अस्तर आहे, आणि त्याचा उल्लेख फारसा होत नाही. ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांनी गोळीबार केला, भारताने सीमा बंद केली, पणजीतील वकिलात मिटवली. डिसूझा मेलबर्नला भारतासाठी गोल करत होते तेव्हा त्यांचे आसगाव शत्रुवत झालेल्या राजवटीखाली होते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. भारतीय फुटबॉल संघ ऑलिम्पिकला शेवटचा गेला होता त्याच्या आदल्या वर्षी, रोमला.

डिसूझा वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वारले. त्यांचे धाकटे बंधू डेरेक डिसूझा हेही भारताकडून खेळलेले फुटबॉलपटू.