काशीतील अंत्यसेवा आणि ती करणारी माणसे

काशीत मरण यावे म्हणून येणाऱ्यांचा ओघ जुना आहे, आणि त्यांचे शेवटचे सोपस्कार करणारी माणसेही तितकीच जुनी. पैठणहून काशीत आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात अंत्येष्टीची पद्धती ग्रंथबद्ध केली. घाटावरचे काम मात्र वेगळ्याच लोकांच्या वाट्याला आले.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर चितेसाठी विस्तव डोम जातीचे लोक देतात. अकराव्याला खाट, अंथरूण, भांडी, कपडे हे दान महाब्राह्मण घेतो. दोघांचेही हक्क वंशपरंपरेने आणि ‘पारी’ने, म्हणजे पाळीपाळीने चालतात. दान घेताना महाब्राह्मण मृताच्या जागी असतो. दानाबरोबर मृताचे पापही त्याच्याकडे जाते, अशी समजूत. म्हणून दुःखाच्या दिवसांत ज्याच्यावाचून अडते, त्याचेच दर्शन एरवी अशुभ ठरते. आपल्याकडे महाराष्ट्रात अंत्यविधी करणाऱ्या किरवंत ब्राह्मणाच्या नशिबी हेच आले. प्रेमानंद गज्वींचे ‘किरवंत’ नाटक याच जखमेवर आहे. शोकाकुल घराला आधार देणाऱ्यालाच वाळीत टाकणे, हा या प्रथेतला सर्वांत मोठा अन्याय होय.

मरणाआधीच्या सेवेची गोष्ट वेगळी. काशीत मरायला येणाऱ्यांसाठी १९५८ मध्ये दालमिया धर्मादाय न्यासाने काशी लाभ मुक्ती भवन सुरू केले. मरणासन्नांची शुश्रूषा करणारे लंडनचे सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस त्यानंतर नऊ वर्षांनी, तर मुंबईचे शांती अवेदना सदन १९८६ मध्ये उभे राहिले. मुक्ती भवनात औषधोपचार नाहीत. साधारण पंधरा दिवसांच्या बोलीवर खोली मिळते, नातलग शुश्रूषा करतात. पुजारी रामचरितमानस आणि गीता वाचतात, तुळस-गंगाजल देतात. आधुनिक हॉस्पिसमध्ये सेवकांच्या मनावर साचणाऱ्या दुःखाचाही विचार होतो, त्यासाठी बैठका आणि समुपदेशन असते. इथे ते काम श्रद्धेने केले: मरण म्हणजे मुक्ती, हे रोज म्हणणाऱ्या पुजाऱ्याला ते ओझे काहीसे हलके होत असावे.

डोमाला तेवढाही आसरा नाही. धग, धूर आणि रात्रंदिवस रडणारी माणसे यांतच त्याची मुले वाढतात. मणिकर्णिकेवर काम करणाऱ्या अशा मुलांवर राजेश जाला यांनी ‘चिल्ड्रन ऑफ द पायर’ हा माहितीपट केला. २०२१ मध्ये डोमांचे प्रमुख, डोमराजा जगदीश चौधरी यांना पद्मश्री जाहीर झाली, ती मरणोत्तर.