वाटी आपली, भूक त्याची

परवा ताई मोबाईलवर कार्टून लावून भाचीच्या तोंडात दुधीचा घास कोंबत होती. बघून डॉ. क्लारा डेव्हिस आठवल्या.

१९२६ साली अमेरिकेत या बाईंनी अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या बाळांवर प्रयोग सुरू केला. वेगवेगळ्या वाट्यांत गाजर, पालक, सफरचंद, केळी, मांस, दूध. नर्सने आग्रह करायचा नाही. बाळाने हात दाखवला तरच चमचा पुढे. मुलांच्या आवडी रोज बदलायच्या, पण तब्येती ठणठणीत!

मग मुलांना सगळं कळतं? तसं नाही. १९३९ मध्ये बाईंनीच सांगितलं, खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. साखर त्यात नव्हतीच.

म्हणजे काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते बाळाने. ताईने मोबाईल बाजूला ठेवला. दुधी उडाला, पपई मात्र पोटात गेली. भेटू पुढच्या भागात!