नवाबाची हवेली आणि कादरभाईचं हॉटेल

हिंदी चित्रपटांच्या धंद्यात एके काळी मालाची प्रतवारी ठरलेली असे. पौराणिक, ऐतिहासिक, स्टंट, सामाजिक. त्यातच एक जात होती ‘मुस्लिम सोशल’. सोहराब मोदींचा ‘पुकार’ (१९३९) जहांगीर बादशहाच्या दरबारात घडतो, म्हणून तो ऐतिहासिक. मेहबूब खान यांचा ‘नजमा’ (१९४३) त्या काळातल्याच मुसलमान घरांत घडतो, म्हणून तो मुस्लिम सोशल. गंमत बघा, गोष्ट हिंदू कुटुंबाची असली की चित्रपट नुसताच ‘सामाजिक’. विशेषण लागायचं ते आम्हाला.

रिक ऑल्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली चित्रप्रकार ओळखायची एक सोपी रीत सांगितली. भाषेत शब्द असतात आणि व्याकरण असतं, तसंच चित्रप्रकाराचंही असतं. काउबॉयपटात घोडा, टोपी, बंदूक हे शब्द. रानटी मुलूख आणि नवी वस्ती यांच्यातला झगडा हे व्याकरण. नुसते शब्द जमवून प्रकार उभा राहत नाही.

हीच रीत मुस्लिम सोशलला लावू. शब्द चटकन आठवतात: लखनौ, शेरवानी, हवेली, मुशायरा, बुरखा, आदाब. व्याकरण मात्र थोडं थांबून पाहावं लागतं. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) मध्ये नवाब एका मुलीचा चेहरा ओझरता पाहतो आणि प्रेमात पडतो. तिचंच लग्न नकळत त्याच्या जिवलग मित्राशी होतं. ‘मेरे मेहबूब’ (१९६३) मध्ये अलिगढचा विद्यार्थी बुरख्यातले डोळे पाहून वेडा होतो आणि चित्रपटभर त्या डोळ्यांचा माग काढतो. रशियाच्या व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली शंभर लोककथा तपासून दाखवलं होतं, की पात्र कोण आहे यापेक्षा ते गोष्टीत कोणतं काम करतं ते महत्त्वाचं. त्याने अशी ३१ कामं मोजली. त्याच्या नजरेने पाहिलं तर या चित्रपटांतला बुरखा हा पोशाख नाहीच. गैरसमज निर्माण करणं हे त्याचं काम आहे. तो काढला तर गोष्ट पहिल्या रिळातच संपेल! आणि शेवटी कुणीतरी त्याग करायचा. ‘चौदहवीं’त तर नवाब मैत्रीपायी प्राणच देतो.

या व्याकरणात गोडवा होता, हे मी नाकारणार नाही. शकील बदायुनींसारखा कवी त्यातून घराघरात पोचला. पण लोकांनी चित्रप्रकारालाच समाज मानलं, ही खरी अडचण. कोकणातल्या मुसलमानाच्या घरात भात आणि मासळी शिजते, बोलणं त्या मुलखाच्या वळणाचं असतं, एखादा चुलता बोटीवर नोकरीला असतो. तिथे नवाब कुठून आणायचा? हमीद दलवाईंनी ‘इंधन’ (१९६५) ही कादंबरी याच मातीतून लिहिली. तीत कोकणातलं गाव आहे, जमिनी आहेत, भांडणं आहेत. असा मुसलमान मुस्लिम सोशलच्या कोशात सापडत नाही. त्यामुळे मराठीत कविता लिहिणाऱ्याला ‘तुमची भाषा उर्दू ना?’ हे ऐकून घ्यावं लागतं.

एम. एस. सथ्यूंच्या ‘गर्म हवा’ने (१९७४) शब्द ठेवले आणि व्याकरण मोडलं, म्हणून तो मला मोठा वाटतो. हवेली आहे, पण ती हातची जाते. सोडायची नाही म्हणून म्हातारी आई लपून बसते. लग्न ठरतं, पण नवरा मुलगा सीमेपार राहतो. सलीम मिर्झा नवाब नाही, आग्र्यात जोडे बनवणारा कारखानदार आहे. त्याला कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही. अमीना जीव देते, पण तिच्या मरणाने कुणाचं भलं होत नाही. त्यागाचं जुनं गणित तिथे संपतं. पुढे ‘निकाह’ने (१९८२) तलाकचा प्रश्न उचलला, शाहबानो खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर, १९८५ साली आला. सजावट मात्र जुनीच.

दूरदर्शनने नकळत एक वेगळी वाट काढली. चित्रपटाला तीन तासांत बिघडलेली घडी पुन्हा बसवावी लागते. मालिकेला ती घाई नसते. १९८६च्या ‘नुक्कड’मध्ये कादरभाई होता. ना शायरी, ना शेरवानी. त्याचं काम एवढंच, की हॉटेल चालवायचं आणि नाक्यावरच्या फाटक्या माणसांमध्ये असायचं. त्याचं मुसलमान असणं हा गोष्टीचा पेच नव्हता. त्याला कुणासाठी मरावं लागलं नाही. पुढच्या भागात तो पुन्हा आपल्या हॉटेलात दिसायचा.