राष्ट्रांच्या पंगतीतील तंजावर

कुंभकोणम शहराच्या दक्षिणेस, अगदी लगत, साक्कोट्टै नावाचे गाव आहे. अमृतकलशनाथाचे प्राचीन देवालय, सभोवार भाताची शेते आणि कावेरीच्या फाट्यांचे पाणी, एवढीच ओळख नवख्या प्रवाशाच्या ध्यानात राहते. परंतु 1676 च्या सुमारास एकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले, तेव्हापासून सुमारे सव्वाशे वर्षे हा मुलूख मराठी राजांच्या अमलाखाली होता. अशाच गावांच्या भातावर तंजावरचा दरबार उभा राहिला, आणि त्या दरबाराशी युरोपातील चार राष्ट्रांनी करारमदार केले. आंतरराष्ट्रीय कायदा म्हटले की हेग आणि जिनीव्हा ही नावे सुचतात. त्या कायद्याच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र कावेरीकाठी घडले.

त्याचा आरंभ मराठ्यांच्या आधीचा आहे. 1620 मध्ये रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाशी तह केला आणि तरंगंबाडी येथे डॅनिश लोकांना किल्ला बांधू दिला. सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले यासंबंधीचे पत्र कोपनहेगन येथे जतन केलेले आहे. पुढे एकोजीने 1676 मध्ये डचांना नागपट्टणमविषयी लेख दिला, तो रुप्याच्या पत्र्यावर. 1739 मध्ये फ्रेंचांनी कारैकल येथे बस्तान बसविले, तर 1749 मध्ये प्रतापसिंहाच्या काळात इंग्रजांना देवीकोट्टै मिळाले. हे सर्व व्यवहार राजीखुशीचे होते असे नव्हे. तोफांचा धाक आणि गादीचे तंटे त्यांच्या मागे होतेच. तथापि करार करताना समोरचा राजा हा खरा राजा आहे, त्याचा शब्द आणि शिक्का बंधनकारक आहे, याविषयी युरोपीयांना शंका नव्हती. धर्म वेगळा, भाषा वेगळी, तरीही पंगतीत पान एकाच ओळीत मांडलेले होते.

हे पान हळूहळू उचलले गेले. 1799 मध्ये दुसऱ्या सरफोजीने ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून राज्याचा कारभार तिच्या हाती दिला. एक लक्ष होन, निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा आणि तंजावरच्या किल्ल्यावरील अधिकार एवढे त्याच्यापाशी उरले. साक्कोट्टैच्या शेतकऱ्याचा सारा त्यानंतर कंपनीच्या कचेरीत जाऊ लागला. सरफोजीने आपले आयुष्य ग्रंथसंग्रहात आणि विद्येच्या उपासनेत वेचले. त्याचा पुत्र शिवाजी 1855 च्या ऑक्टोबरात पुत्र मागे न ठेवता वारला, तेव्हा कंपनीने गादी संपल्याचे ठरविले. 1856 च्या ऑक्टोबरात कंपनीच्या अधिकाऱ्याने शिपाई घेऊन राजवाड्यातील मालमत्तेवर मोहोर लावली. ती मोहोर राजाच्या खाजगी वस्तूंवरही लागली.

ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. राज्य गेले ते गेले, पण पतीची खाजगी दौलत ही हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे विधवेचा वारसा होय, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मद्रासच्या न्यायालयाने ते मान्य केले. कंपनीने लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले, आणि 1859 मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी निकाल फिरविला. तंजावरची मालमत्ता कंपनीने सत्ताधीश या नात्याने घेतली. हे राज्यकृत्य आहे. ते न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार देशाच्या न्यायालयाला नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. राजा जिवंत असताना त्याचे सार्वभौमत्व किल्ल्याच्या भिंतीपुरते उरले होते. त्याच्या विधवेने दाद मागितली तेव्हा मात्र हा व्यवहार दोन राज्यांमधला ठरला, आणि म्हणून न्यायालयाचे दार बंद झाले. राष्ट्रांचा कायदा तिला लागू करणारे कोणी नव्हते आणि देशाचा कायदा लागू करावयास न्यायालय तयार नव्हते. सरकारने 1862 मध्ये खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली, पण ती कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे. राज्यकृत्याच्या तत्त्वाची चर्चा करताना कायद्याचे ग्रंथ आजही या खटल्याचा दाखला देतात.

असे का झाले, याचा पद्धतशीर शोध मद्रास विद्यापीठात घेतला गेला. 1951 मध्ये चार्ल्स हेन्री अलेक्झांड्रोविच हे तेथे प्राध्यापक म्हणून आले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय व घटनात्मक कायद्याच्या अध्ययनाचा विभाग उभारला. त्यांचा जन्म 1902 मध्ये ल्वूव येथे, ऑस्ट्रियाच्या अमलाखाली झाला. ज्या पोलंडचे ते होते, तो देश तेव्हा नकाशावर नव्हता. नाहीशा केलेल्या राज्याचे कायद्यात काय होते, हा प्रश्न अशा मनुष्याला केवळ पुस्तकी वाटला नसेल. 1952 पासून आंतरराष्ट्रीय व्यवहारांना वाहिलेले एक वार्षिक तेथून निघू लागले. पौर्वात्य राजे आणि युरोपीय कंपन्या यांच्यातील जुने तह तपासण्यास या वर्तुळात चालना मिळाली.

त्यांचा निष्कर्ष साधा पण धक्कादायक होता. सतराव्या-अठराव्या शतकांत राष्ट्रांचा कायदा सर्व राष्ट्रांचा मानला जाई. ग्रोशियसने 1609 मध्ये समुद्र सर्वांना मोकळा असल्याचे प्रतिपादन केले, त्यामागे हिंदी महासागरावरील मुक्त व्यापाराची जुनी रीत होती, असे ते मांडीत. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपने पंगत आखडती घेतली आणि केवळ स्वतःस सुसंस्कृत म्हणविणाऱ्यांस आत घेतले. अलेक्झांड्रोविच यांनी 1960 मध्ये हेग येथे या विषयावर व्याख्याने दिली. 1961 मध्ये ते सिडनीस गेले, आणि 1967 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्याच 1960 साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एक मराठी कागद वाचला जात होता. दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा केला होता, आणि आधार होता पेशव्यांशी 1779 मध्ये झालेल्या तहाचा. न्यायालयाने तो तह वैध मानला. मात्र मराठ्यांनी दिले ते सार्वभौमत्व नव्हे, तर सालीना बारा हजार रुपये वसुलाची जहागीर अथवा सरंजाम, असा अर्थ लावला. पुढे इंग्रजांनी पोर्तुगालची सत्ता मान्य केल्याने नागरिक आणि माल यांच्या वाहतुकीचा हक्क न्यायालयाने मान्य केला, पण सैन्य व शस्त्रे नेण्याचा नाही. आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडले नाही असे ठरविले. 'सरंजाम' या शब्दाचा नेमका अर्थ काय, याला जगाच्या न्यायासनापुढे किंमत आली होती.

1859 मध्ये मराठी राणीला उत्तर मिळाले होते की येथे कायदा चालत नाही. एकशेएक वर्षांनी मराठी तहाचा कायदेशीर अर्थ लावण्यासाठी निरनिराळ्या देशांचे न्यायाधीश एकत्र बसले. कामाक्षीबाईंचा निकाल त्याने बदलत नाही. परंतु सोन्यारुप्याच्या पत्र्यांवर कोरलेला शब्द हा दोन्ही पक्षांना बांधणारा शब्द होता, ही गोष्ट पुन्हा मान्य होण्याची वाट तेथून मोकळी झाली.