पृथ्वीची उष्णता व पृथ्वीचे वय : एका प्रचलित कथेची तपासणी

लॉर्ड केल्व्हिन (तेव्हाचे विल्यम टॉमसन) यांनी १८६२ साली पृथ्वीचे वय सुमारे ९ कोटी ८० लाख वर्षे ठरविले. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागून उष्णतेचा नवा उगम हाती आला आणि त्यांचे गणित कोसळले, अशी कथा विज्ञानाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ही कथा सुटसुटीत असली तरी कसोटीस उतरत नाही.

केल्व्हिन यांची गृहीते अशी होती : पृथ्वी प्रारंभी सर्वत्र सुमारे ३,९०० अंश सेल्सिअस तपमानाची होती, ती घनरूप आहे, आणि तिची उष्णता केवळ वहनाने बाहेर पडते. भूगर्भात दर ५० फुटांस तपमान १ अंश फॅरनहाइटने वाढते, असे मानून ही स्थिती येण्यास लागलेला काळ त्यांनी फूरिए यांच्या समीकरणाने काढला. गणितात दोष नव्हता. या अल्प कालमर्यादेमुळे डार्विन यांच्या उत्क्रांतिवादापुढे मात्र बिकट अडचण उभी राहिली.

१८९५ साली केल्व्हिन यांचे पूर्वीचे साहाय्यक जॉन पेरी यांनी यांपैकी वहनाच्या गृहीतावरच बोट ठेवले. अंतर्भाग काही अंशी प्रवाही असून तेथे अभिसरण चालू असेल, तर खालची उष्णता कवचाखाली सतत येत राहील व तपमानाची वाढ दीर्घकाळ टिकून राहील. तसे झाल्यास पृथ्वीचे वय २०० ते ३०० कोटी वर्षांपर्यंत जाऊ शकते. या वेळी किरणोत्सर्गाचा शोध लागावयाचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९०३ साली प्येर क्यूरी व लाबोर्द यांनी रेडियममधून अखंड उष्णता निघते, असे दाखविले. परंतु ही उष्णता केल्व्हिन यांच्या प्रतिमानात मिळविली तरी वयात फारसा फरक पडत नाही. कारण १० कोटी वर्षांत वहनाने जेमतेम शंभर किलोमीटर खोलीपर्यंतचीच उष्णता पृष्ठापर्यंत पोचते. उगम व संक्रमण हे दोन्ही प्रश्न आर्थर होम्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात एकत्र आणले.

आज पृष्ठावाटे सुमारे ४७ लाख कोटी वॅट उष्णता बाहेर पडते व तिचा अदमासे निम्मा भाग किरणोत्सर्गजन्य आहे, असे मानतात. तथापि त्यावरून पेरी यांचे श्रेय किरणोत्सर्गास देणे इतिहासास धरून होणार नाही. केल्व्हिन यांच्या युक्तिवादातील दुबळा दुवा त्यात गृहीत म्हणूनच होता, आणि तो हेरण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागली नव्हती.