घराच्या जुन्या खिडक्या बदलायच्या आहेत? आधी दिशा पाहा, मग दर विचारा

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून फिरताना वेगवेगळ्या काळातल्या खिडक्या शेजारी शेजारी दिसतात. जुन्या घरांना सागवानी झडपा आणि लोखंडी गज, नंतरच्या अपार्टमेंटना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, तर अलीकडच्या कामांत पांढऱ्या यूपीव्हीसीच्या. जुनी खिडकी गळायला लागली, झडप लागेना झाली की घरात एकच प्रश्न येतो: "स्क्वेअर फुटाला काय दर चाललाय?"

हा प्रश्न सर्वात शेवटी विचारायचा असतो. एकदा बसवलेली खिडकी पुढची वीस-पंचवीस वर्षं घरातली हवा, उजेड आणि पावसाळ्यातली ओल ठरवते. घाईत निवड केली तर पैसे खर्चूनही खोली आधीपेक्षा कोंदट होऊ शकते. ते टाळण्यासाठी काय पाहायचं, ते क्रमाने समजून घेऊ.

थोडक्यात

- सगळ्या खिडक्या एकसारख्या बदलू नका. प्रत्येक खिडकीची दिशा आणि काम वेगळं असतं.
- सरकती खिडकी साधारण निम्मीच उघडते, हे आधी लक्षात घ्या.
- पावसाचं पाणी बहुतेकदा चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातून येतं. म्हणून बसवणारा कारागीर मटेरियलइतकाच महत्त्वाचा.
- कोटेशन लेखी आणि तपशीलवार घ्या.

खरंच बदलायची गरज आहे का?

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. जुलैत न लागणारी झडप जानेवारीत सहज लागत असेल, तर खिडकी खराब झालेली नाही. सुताराने रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या आणि तेलपाणी केलं की काम भागतं.

चौकटीचा खालचा भाग आणि कोपरे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक सहज आत जात असेल किंवा भुसा पडत असेल, तर लाकूड कुजलं आहे किंवा वाळवी लागली आहे. फक्त खालची पट्टी कुजली असेल, तर तेवढीच बदलता येते. चौकटच सैल झाली असेल किंवा वाळवी भिंतीपर्यंत पोहोचली असेल, तरच पूर्ण खिडकी काढा. वाळवी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा.

जुनं सागवान फुकटात देऊ नका. त्याला बाजारात किंमत मिळते. ते कोण नेणार आणि त्याचे किती पैसे वजा होणार, हे आधीच ठरवून घ्या.

प्रत्येक खिडकीचं काम वेगळं

एका कागदावर घरातल्या खिडक्यांची यादी करा. मोबाइलमधल्या होकायंत्राने दिशा लिहा आणि समोर त्या खिडकीचा मुख्य त्रास लिहा.

- पश्चिम आणि नैर्ऋत्य: कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस घेऊन येणारे वारे प्रामुख्याने याच बाजूने येतात. उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही इकडूनच. इथे पाणी आणि ऊन दोन्ही अडवायचं आहे. वर छज्जा नसेल तर नवी खिडकी घेण्याआधी छज्ज्याचा विचार करा. बाहेरची सावली आतल्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.
- उत्तर: थेट ऊन कमी आणि उजेड सौम्य. इथे महागडी काच लावून फारसा फायदा नाही.
- रस्त्याकडची: मेन रोडजवळ राहणाऱ्यांना आवाज आणि धूळ हा त्रास असतो. तो रोजच्या वाहनांचा आहे की वर्षातल्या मोजक्या मिरवणुकांचा, हे ठरवा.
- स्वयंपाकघर आणि बाथरूम: इथे वाफ आणि वास बाहेर जाणं महत्त्वाचं.

खिडकी किती उघडते?

सर्वात जास्त फसगत इथेच होते. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने नव्या निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' काढली. तिच्यात खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या चटई क्षेत्रफळाच्या किमान किती टक्के असावा, हे हवामानानुसार दिलं आहे. थंड प्रदेशात ८.३३ टक्के, उष्ण-दमट प्रदेशात १६.६६ टक्के. जुन्या घराला हा नियम लागू नाही, पण हिशेबाला उपयोगी आहे.

समजा खोली १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट आहे. खिडकी ४ बाय ५ फूट, म्हणजे २० चौरस फूट. झडपांची खिडकी जवळपास ९० टक्के उघडते, म्हणून १८ चौरस फूट हवा मिळते. हे खोलीच्या १५ टक्के झालं. त्याच जागी दोन ट्रॅकची सरकती खिडकी लावली, तर १० चौरस फूटच उघडेल. म्हणजे ८.३३ टक्के. खिडकी तेवढीच राहिली, पण हवा जवळपास निम्म्यावर आली.

तीन ट्रॅकमध्ये दोन काचा आणि एक जाळी असेल, तरी उघडणारा भाग निम्माच राहतो. तिन्ही पल्ले काचेचे असतील तर तो दोन तृतीयांश होतो, पण मग मच्छरजाळीची वेगळी सोय करावी लागते.

सरकत्या खिडकीचा फायदा म्हणजे ती जागा अडवत नाही आणि वाऱ्याने आपटत नाही. अरुंद बोळात किंवा गॅलरीत ती सोयीची. झोपायच्या खोलीत मात्र झडपांची खिडकी हाच चांगला पर्याय. नव्या झडपांच्या खिडक्यांना कडेने रबर असतं आणि झडप त्यावर दाबून बसते. त्यामुळे पाणी आणि आवाजही सरकत्या खिडकीपेक्षा जास्त अडतो.

चौकट कशाची घ्यावी?

सागवान: दुरुस्त करता येतं, दिसतं सुंदर, टिकतंही. पण महाग असतं आणि ठराविक वर्षांनी पॉलिश किंवा रंग लागतो.

ॲल्युमिनियम: गंजत नाही, हलकं असतं आणि फॅब्रिकेटर सहज मिळतो. स्वस्त कामात सेक्शन पातळ वापरतात, मग पल्ला हलतो आणि रोलर लवकर जातात. सेक्शनची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि तुकडा हातात घेऊन पाहा. धातू असल्याने उष्णता आत येते, पण खिडकीत काचेचा भाग मोठा असतो, त्यामुळे एकूण उष्म्यावर काच आणि सावलीचा परिणाम जास्त.

यूपीव्हीसी: हे कडक प्लास्टिक आहे. कोपरे वितळवून जोडलेले असल्याने तिथून पाणी येत नाही, उष्णताही कमी येते. आत लोखंडी पट्टी नसेल तर मोठा पल्ला वाकतो. म्हणून ती पट्टी आहे का आणि गॅल्व्हनाइज्ड आहे का, हे विचारा. हलक्या दर्जाचा माल उन्हाने पिवळा पडतो.

काच निवडताना

जिथे माणूस आदळू शकतो, जिथे काच जमिनीपर्यंत येते किंवा जिथे लहान मुलं आहेत, तिथे टफन किंवा लॅमिनेटेड काच घ्या. टफन काच फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात. लॅमिनेटेड काचेचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. या काचांसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. काचेवरचा शिक्का तपासा. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून माप पक्कं झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

दुहेरी काच उष्णता अडवते. एसी रोज चालत असेल तर तिचा फायदा दिसतो. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात तो खर्च वाया जातो.

आवाजासाठी सहसा लॅमिनेटेड काच आणि घट्ट रबर ही जोडी उपयोगी. बारीक फट राहिली तरी आवाज आत येतो. एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवा: गणेश आगमनाच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीचा खालच्या सुरातला दणका कोणतीही घरगुती खिडकी पूर्ण थांबवत नाही. कोणी "शंभर टक्के साउंडप्रूफ" म्हणत असेल, तर तिथेच सावध व्हा.

पाणी कुठून येतं?

पहिली जागा म्हणजे चौकट आणि भिंतीचा सांधा. दुसरी जागा खालची पट्टी. तिचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. तिसरी जागा सरकत्या खिडकीचा ट्रॅक. त्याला बाहेरच्या बाजूने पाणी जायची भोकं असावी लागतात. ती नसतील किंवा सिलिकॉनने बुजली असतील, तर ट्रॅक भरून पाणी खोलीत उतरतं.

काम संपल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी बाहेरून पाइपने १०-१५ मिनिटं पाणी मारून पाहा. शक्य असेल तर काम दिवाळीनंतर काढा आणि पावसाळ्याआधी संपवा.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावं?

किमान तीन ठिकाणी विचारा. शिवाजी उद्यमनगरसारख्या भागात प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन चालू काम पाहता येतं. शक्य असेल तर त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी बसवलेली खिडकी पाहा. तीन पावसाळे काढलेली खिडकी शोरूममधल्या नमुन्यापेक्षा खरी माहिती देते.

तिघांनाही एकच यादी द्या आणि हे मुद्दे लेखी मागा:

- माप भिंतीच्या भोकाचं की चौकटीचं, आणि लहान खिडकीला किमान किती क्षेत्रफळ धरणार
- सेक्शनची जाडी, काचेचा प्रकार आणि जाडी
- जाळी, ग्रील, कड्या, रोलर दरात आहेत की वेगळे
- जुनी खिडकी काढणं, प्लास्टर, रंग, राडारोडा उचलणं
- जीएसटी, मुदत, वॉरंटी आणि वॉरंटीत बसवण्याचं काम येतं का

हिशेब करून पाहा. २० चौरस फुटांच्या आठ खिडक्या म्हणजे १६० चौरस फूट. दरात ५० रुपयांचा फरक असेल तर एकूण फरक ८,००० रुपये. दर कमी सांगणाऱ्याने जाळी आणि प्लास्टर वेगळं लावलं, तर हा फायदा तिथेच संपतो.

ग्रील बसवताना प्रत्येक मजल्यावर किमान एक उघडणारी, आतून कुलूप लावता येणारी ठेवा. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट असते. अपार्टमेंटमध्ये बाहेरचं रूप बदलणार असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या. भिंतीतलं भोक मोठं करायचं असेल तर इंजिनियरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

काम बिघडलं तर?

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर. पक्कं बिल घ्या, फोटो काढून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

पण ही वेळ येऊ नये यासाठी सर्वात स्वस्त उपाय म्हणजे पहिल्या दिवशी केलेली ती खिडक्यांची यादी. दिशा, त्रास आणि उघडणारा भाग लिहिलेला कागद हातात असेल, तर आठपैकी कदाचित तीनच खिडक्या बदलाव्या लागतील. उरलेल्या पाच सुतार दुरुस्त करून देईल.