देवासच्या दोन पाती

एका घरात दोन चुली पेटल्या की घर मोडले, अशी आपल्याकडे समजूत आहे. देवासच्या पवारांचा इतिहास पाहता ती पुरती खरी नाही, असे आम्हांस वाटते.

तुकोजी व जिवाजी हे बंधू १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांबरोबर माळव्यात आले. देवास दोघांना मिळाले ते समाईक. वंशजांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन शाखा झाल्या, तरी राज्य एकच राहिले. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला. त्यात दोन्ही राजांनी एकदिलाने वागण्याचे व एकाच कारभाऱ्याकरवी कारभार चालविण्याचे मान्य केले. एकोपा कलमात लिहावा लागतो, तेव्हा तो आपोआप नांदत नसतो. म्हणून ते कलम आम्ही पहिला इशारा समजतो. तेवीस वर्षे वाट पाहूनही तो पुरला नाही. अखेर १८४१ पासून प्रत्येक पाती आपापला हिस्सा स्वतंत्रपणे पाहू लागली.

मुलूख इतका गुंतलेला होता की देवासच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एकीची, तर दुसरी बाजू दुसरीची. पाणी व दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव असलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांना या व्यवस्थेची मोठी गंमत वाटली. आम्हांस तीत शहाणपण दिसते. हद्द रस्त्याच्या मधोमध असली, तरी रस्ता दोघांचाच राहतो.

शेजारच्या धारेत पवारांच्याच कुळातील दुसरी गादी होती. तिथली मर्यादा तोफेने आखली गेली. १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी धारचा किल्ला वेढून घेतला आणि संस्थान जप्त केले. गादीवरील आनंदराव तेव्हा अल्पवयीन होते. १८६० मध्ये संस्थान परत मिळाले, पण बैरसिया परगणा भोपाळच्या बेगमांकडे गेला. ज्याच्या नावाने शिक्षा झाली, त्याला समजून घेण्याइतके वयही नव्हते.

परक्या सत्तेचा दंडक आणि भावाभावांतील वाटणी यांची बरोबरी होत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही नात्यात आधी बोलावे, मग लिहून ठरवावे, आणि तेही निभेना तेव्हाच वेगळे व्हावे, हा देवासचा क्रम आम्हांस मोलाचा वाटतो. वेगळ्या झालेल्या त्या दोन पाती पुढे शतकाहून अधिक काळ एकाच गावात समोरासमोर नांदल्या, आणि १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली.